आजोबा-क्लासमधलं नातवापर्यंत पोहोचत नाही: पायथॉनमधल्या थेट आणि अप्रत्यक्ष वारशाची समस्या निवारण

नव्याने रुजू झालेल्या मुलामुलींचा कोड तपासायचं काम मी बरीच वर्षं करते आहे. दर बॅचमध्ये एक बिघाड हमखास येतो. रूप दर वेळी वेगळं असतं, पण मूळ बहुतेक वेळा एकच निघतं: कोणता क्लास (ऑब्जेक्ट बनवायचा साचा) कोणाचा थेट वारस आहे आणि कोणता लांबचा, याबद्दल लिहिणाऱ्याच्या मनात झालेली गल्लत. म्हणून मी ज्या क्रमाने तपासते, तोच क्रम इथे देते आहे. आधी फुकटच्या आणि मिनिटभराच्या तपासण्या, मग वेळखाऊ.

एक खुलासा. कोडमधले शब्द इथे देवनागरीत लिहिले आहेत. क्लासची आणि व्हेरिएबलची नावं देवनागरीत ठेवायला पायथॉन ३.० पासून परवानगी आहे, पण कीवर्ड, तयार फंक्शनची नावं आणि आकडे टाइप करताना रोमनच हवेत.

लक्षणं

यातलं एक जरी दिसत असेल तर पुढे वाचा.

- ऑब्जेक्ट बिनतक्रार तयार होतो, मेथडही सापडते, पण मेथड चालताना अ‍ॅट्रिब्यूटएरर येतो: अमुक ऑब्जेक्टला तमुक अ‍ॅट्रिब्यूट नाही.
- 'टाइप बरोबर खाते' अशी अट लिहिली आहे आणि ती नातवंड-क्लाससाठी खोटी ठरते. किंवा उलट, इझइन्स्टन्सची अट नको त्यालाही आत घेते.
- एक्सेप्टची एक शाखा काळजीपूर्वक लिहिली आहे, पण ती कधीच चालत नाही.
- सगळे वारस गोळा करायला __सबक्लासेस__() वापरलं आणि यादीत निम्मेच आले.
- क्लासची ओळ लिहिताच टाइपएरर, आणि त्यात 'एमआरओ' (मेथड रिझोल्यूशन ऑर्डर, म्हणजे मेथड शोधायची रांग) हा शब्द.
- नोटबुकमध्ये सुपर(), म्हणजे रांगेतल्या पुढच्या क्लासला हाक मारायचं फंक्शन, तक्रार करतं की हा ऑब्जेक्ट त्या टाइपचा नाहीच.
- एका ऑब्जेक्टच्या लिस्टमध्ये टाकलेली नोंद दुसऱ्याच ऑब्जेक्टमध्ये दिसते.

थेट वारसा म्हणजे क्लासच्या नावापुढच्या कंसात जे नाव तुम्ही स्वतःच्या हाताने लिहिलंत ते. अप्रत्यक्ष म्हणजे त्या नावाच्या वरचे सगळे: आजोबा, पणजोबा, थेट मूळपुरुषापर्यंत. पायथॉन ३ मध्ये हा मूळपुरुष 'ऑब्जेक्ट' नावाचा क्लास आहे. कंस रिकामा ठेवलात तरी तुमचा क्लास त्याचा वारस असतोच.

पुढच्या बहुतेक तपासण्यांसाठी हे एकच उदाहरण पुरेल:

```
क्लास खाते:
    डेफ __इनिट__(सेल्फ, नाव):
        सेल्फ.नाव = नाव
        सेल्फ.शिल्लक = ०

    डेफ भरणा(सेल्फ, रक्कम):
        सेल्फ.शिल्लक += रक्कम

क्लास बचतखाते(खाते):
    डेफ __इनिट__(सेल्फ, नाव, व्याजदर):
        सेल्फ.व्याजदर = व्याजदर

क्लास विद्यार्थीखाते(बचतखाते):
    डेफ __इनिट__(सेल्फ, नाव, कॉलेज):
        सुपर().__इनिट__(नाव, ३)
        सेल्फ.कॉलेज = कॉलेज
```

तपासणी १: नोटबुक बंद करून पुन्हा सुरू करा

ज्युपिटर नोटबुकमध्ये (जिथे कोड सेल नावाच्या तुकड्यांत चालवतात) काम करत असाल तर आधी कर्नल, म्हणजे मागे चालू असलेलं पायथॉन, रीस्टार्ट करा आणि वरपासून सगळे सेल ओळीने चालवा. साधी फाइल असेल तर ती सेव्ह झाली आहे ना, हे बघा. यात कमीपणा मानू नका.

याचं कारण असं. पायथॉनमध्ये क्लासची व्याख्या ही चालवली जाणारी ओळ आहे. तुम्ही खाते क्लासचा सेल दुरुस्त करून पुन्हा चालवलात की 'खाते' नावाचा नवा कोरा क्लास जन्माला येतो. बचतखातेचा सेल मात्र पुन्हा चालवला नसेल, तर तो जुन्या खातेलाच धरून बसलेला असतो. नाव सारखं, क्लास दोन. तुमची दुरुस्ती नव्यात आहे आणि वारस जुन्याचा आहे, मग ती खाली पोहोचणार कशी? तसंच, आधी तयार केलेले ऑब्जेक्ट जुन्या क्लासचेच राहतात. सुपर(बचतखाते, सेल्फ) असं क्लासचं नाव देऊन लिहिलं असेल, तर त्याची ती विचित्र तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते. "काल चालत होतं, ताई" म्हणून माझ्यापर्यंत आलेल्या कितीतरी तक्रारी या एका रीस्टार्टने मिटल्या आहेत.

तपासणी २: वंशावळ छापून बघा

दोन ओळी:

```
प्रिंट(विद्यार्थीखाते.__बेसेस__)
प्रिंट(विद्यार्थीखाते.__एमआरओ__)
```

पहिली ओळ फक्त थेट पालक दाखवते. इथे एकटा बचतखाते. दुसरी पूर्ण रांग दाखवते: विद्यार्थीखाते, बचतखाते, खाते, ऑब्जेक्ट. एखादी मेथड किंवा अ‍ॅट्रिब्यूट शोधताना पायथॉन याच रांगेने जातं आणि जिथे पहिल्यांदा सापडेल तिथे थांबतं.

ही तपासणी एवढ्या लवकर ठेवली, कारण पुष्कळदा डोक्यातली वंशावळ आणि फाइलमधली वंशावळ वेगळी निघते. कोणीतरी मधला क्लास काढून टाकलेला असतो, किंवा दुसऱ्या फाइलमधून त्याच नावाचा भलताच क्लास इम्पोर्ट झालेला असतो. रांगेत हवा तो क्लास नसेल तर पुढच्या तपासण्यांना हात लावू नका. आधी कंसातलं नाव आणि इम्पोर्टची ओळ नीट करा.

तपासणी ३: मधल्या पिढीने सुपर()ला हाक मारली का?

माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत सर्वांत मोठा वाटा याचा आहे, म्हणून इथे जरा थांबते.

वरच्या उदाहरणात विद्यार्थीखातेचा माझेखाते नावाचा ऑब्जेक्ट तयार करा आणि त्यावर भरणा(५००) चालवा. अ‍ॅट्रिब्यूटएरर येईल: विद्यार्थीखाते ऑब्जेक्टला शिल्लक नाही. आता तो ट्रेसबॅक (एररसोबत छापली जाणारी, कोणत्या ओळींतून तिथवर आलो याची यादी) सावकाश वाचा. एररच्या वाक्यात नाव नातवाचं आहे. ओळ दाखवली आहे ती आजोबांच्या भरणा मेथडमधली. आणि चूक ज्याची आहे, त्या बचतखातेचं नाव ट्रेसबॅकमध्ये कुठेच नाही.

मुलं नेमकी इथेच अडकतात. ती आजोबांची फाइल उघडून बघतात, ती निर्दोष असते. नातवाची फाइल बघतात, तिथे सुपर() व्यवस्थित लिहिलेलं असतं. मधली फाइल कोणी उघडतच नाही, कारण तिच्याकडे बोट दाखवणारं काहीच समोर नसतं. बचतखातेने स्वतःचं __इनिट__ लिहिलं आणि त्यातून सुपर().__इनिट__(नाव) ही हाक द्यायची राहून गेली. आजोबांचं __इनिट__ चाललंच नाही, त्यामुळे नावही नाही आणि शिल्लकही नाही. भरणा मात्र सापडली, कारण मेथड रांगेतून शोधली जाते आणि ती शोधायला कोणी हाक मारावी लागत नाही.

गावाकडच्या जमिनीच्या कागदांत याच्या अगदी जवळचा प्रकार बघायला मिळतो. आजोबा गेल्यावर वडिलांनी वारस नोंद करून फेरफार करून घेतला नाही, तर सातबाऱ्यावर नाव आजोबांचंच राहतं. नातवाचा हक्क कुठे जात नाही, पण तलाठ्याकडे उतारा काढायला गेला की स्वतःचं नाव सापडत नाही. पायथॉनमध्ये मेथड हा हक्क आहे, तो कितीही पिढ्या खाली आपोआप येतो. डेटा ही नोंद आहे. मधल्या प्रत्येक पिढीला ती स्वतः पुढे न्यावी लागते.

ही चूक एवढी का होते? आमच्याकडे येणारी बहुतेक मुलं कॉलेजात सी प्लस प्लस किंवा जावा शिकून आलेली असतात. जावात तुम्ही सुपर लिहिलं नाही तर कंपायलर तो स्वतःहून घालतो. पालकाला बिनपॅरामीटरचा कन्स्ट्रक्टर नसेल तर तो प्रोग्राम कंपाइलच होऊ देत नाही. सी प्लस प्लसमध्येही बेस क्लासचा कन्स्ट्रक्टर चालल्याशिवाय ऑब्जेक्ट उभा राहत नाही. पायथॉन असं काही करत नाही. तुम्ही __इनिट__ लिहिलंत की पालकाचं __इनिट__ झाकलं जातं. ते चालवायचं की नाही, हे सर्वस्वी तुमच्यावर. म्हणून जावात शिकलेली सवय इथे दगा देते, आणि त्यात त्या मुलांचा हलगर्जीपणा नसतो.

खात्री करायला एक ओळ पुरते:

```
प्रिंट(व्हार्स(माझेखाते))
```

यात त्या ऑब्जेक्टवर खरोखर काय काय बसलं आहे ते दिसतं. आपल्या उदाहरणात फक्त व्याजदर आणि कॉलेज दिसेल. म्हणजे बाप चालला, नातू चालला, आजोबा चाललेच नाहीत. कोणती पिढी गळली ते या एका ओळीत कळतं.

हे करतानाच आणखी तीन गोष्टी बघून घ्या. एक, सुपर().__इनिट__ लिहून पुढचा कंस राहिला आहे का. हा फार फसवा प्रकार आहे: एरर येत नाही, काही चालतही नाही, आणि वाचताना ओळ बरोबर वाटते. दोन, __इनिट__ला दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोअर आहेत ना. एकेक असेल तर ती एक साधी मेथड होते आणि तिला कोणीच बोलावत नाही. तीन, सुपर()ची हाक द्यायच्या आधीच आजोबांचं अ‍ॅट्रिब्यूट वापरलं आहे का.

डेटाक्लास (फील्डची यादी दिली की __इनिट__ स्वतः लिहून देणारा क्लास) वापरत असाल तर आणखी एक. डेटाक्लास स्वतः जे __इनिट__ बनवतो, ते वरच्या डेटाक्लासांची फील्ड गोळा करतं, पण साध्या पालक-क्लासचं __इनिट__ बोलावत नाही. तिथे __पोस्ट_इनिट__मधून ती हाक तुम्हालाच द्यावी लागते.

आता चुकीची दुरुस्ती, जी मी दर वर्षी बघते. नातवाच्या __इनिट__मध्ये सेल्फ.शिल्लक = ०.० असं लिहून टाकायचं. एरर जातो आणि सगळ्यांना हायसं वाटतं. पण नाव अजून गायबच आहे, ते छपाईच्या वेळी कळेल. शिवाय पुढे कोणी खातेमध्ये शिल्लक डेसिमल (अचूक दशांश आकड्यांचा प्रकार; ०.० हा फ्लोट) केली आणि रक्कमही डेसिमल यायला लागली, की विद्यार्थीखात्यात फ्लोट आणि डेसिमल यांची बेरीज होऊन टाइपएरर येणार. दुसरी चुकीची दुरुस्ती म्हणजे नातवाने बापाला ओलांडून खाते.__इनिट__(सेल्फ, नाव) असं थेट आजोबांना बोलावणं. त्याने बापाचं काम राहून जातं. दुरुस्ती जिथे साखळी तुटली तिथेच करा: बचतखातेच्या __इनिट__ची पहिली ओळ सुपर().__इनिट__(नाव). बस, एवढंच.

तपासणी ४: तुमची अट नेमकं काय विचारते आहे?

टाइप(क्ष) == खाते ही अट विचारते, 'तू स्वतः खाते आहेस का?' इझइन्स्टन्स(क्ष, खाते) विचारतं, 'तू खातेच्या घराण्यातला आहेस का?' इझसबक्लास हाच प्रश्न क्लासबद्दल विचारतं, आणि स्वतःलाही स्वतःचा वारस मानतं. बहुतेक वेळा आपल्याला घराणंच विचारायचं असतं, म्हणून टाइपची तुलना दिसली की ती इझइन्स्टन्सने बदलून बघा.

पण डोळे मिटून बदलू नका. पायथॉनमध्ये बूल हा इंटचा थेट वारस आहे, म्हणून इझइन्स्टन्स(ट्रू, इंट) खरं येतं. आकडाच हवा असेल आणि खरं-खोटं नको असेल, तर बूलची अट आधी लिहावी लागते.

याच जातीचा एक बिघाड मी स्वतः केलेला आहे. एका संस्थेसाठी हप्त्यांची यादी देय तारखेप्रमाणे लावायची होती. काही तारखा डेटाबेसमधून येत होत्या, काही एक्सेलमधून. मी तपासणी लिहिली होती: इझइन्स्टन्स(तारीख, डेट) असेल तर पुढे जा. चाचणीत सगळं पास झालं. मार्चअखेरीस खऱ्या नोंदी आल्या आणि यादी लावताना टाइपएरर आला: डेटटाइमची डेटशी तुलना करता येत नाही. डेटटाइम हा डेटचा वारस आहे, त्यामुळे माझी अट दोघांनाही आत घेत होती. पण तुलना करताना पायथॉन त्या दोघांना एका रांगेत बसू देत नाही. संध्याकाळचे तीन तास मी डेटाबेस तपासण्यात घालवले, आणि दोष माझ्या अटीत होता. तेव्हापासून मी आधी डेटटाइम आहे का ते विचारते, असेल तर .डेट() करून घेते, आणि मगच पुढे जाते.

एक अपवादही माहीत असू द्या. इझसबक्लास(लिस्ट, सीक्वेन्स) खरं येतं, पण लिस्टच्या एमआरओमध्ये सीक्वेन्स सापडत नाही. कलेक्शन्स.एबीसीमध्ये लिस्टची सीक्वेन्सखाली फक्त नोंदणी केलेली आहे. हा मानलेला वारसा आहे: ओळख मिळते, मेथड मिळत नाहीत. इझइन्स्टन्स आणि एमआरओ एकमेकांशी जुळत नसतील तर गोंधळून जाऊ नका, रजिस्टर कुठे वापरलं आहे का ते शोधा.

तपासणी ५: एक्सेप्टच्या शाखांचा क्रम

फाइलनॉटफाउंडएरर हा ओएसएररचा वारस आहे आणि ओएसएरर हा एक्सेप्शनचा. एक्सेप्टच्या शाखा वरून खाली तपासल्या जातात आणि जी पहिली जुळते तीच चालते. ओएसएरर वर आणि फाइलनॉटफाउंडएरर खाली लिहिलंत, तर खालची शाखा कधीच चालणार नाही. 'फाइल सापडली नाही, नाव तपासा' हा तुमचा नेमका संदेश वापरणाऱ्यापर्यंत पोहोचतच नाही. जावाचा कंपायलर अशा ठिकाणी अडवतो. पायथॉन मुकाट चालू राहतं. नातू वर, आजोबा खाली, असा क्रम लावा. जेसनडीकोडएरर हा व्हॅल्यूएररच्या घराण्यातला आणि कीएरर हा लुकअपएररच्या, हेही लक्षात असलेलं बरं. कीबोर्डइंटरप्ट मात्र एक्सेप्शनच्या घराण्यात नाही, तो थेट बेसएक्सेप्शनचा वारस आहे. म्हणून एक्सेप्ट एक्सेप्शन लिहूनही कंट्रोल-सीने प्रोग्राम थांबतो, आणि तसंच असायला हवं.

तपासणी ६: दोन अंडरस्कोअर आणि सामायिक लिस्ट

या दोन्ही गोष्टी पटकन बघून होतात.

आजोबांनी सेल्फ.__पिन लिहिलं असेल तर पायथॉन ते नाव आतून बदलून _खाते__पिन करतं. नातवात सेल्फ.__पिन लिहिलं की तो _विद्यार्थीखाते__पिन शोधतो, आणि ते नसतं. व्हार्सने छापलंत की बदललेलं नाव समोर दिसतं. वारसांना वापरू द्यायचं असेल तर एकच अंडरस्कोअर ठेवा.

दुसरं, नोंदी = [] असं क्लासच्या अंगात लिहिलं असेल, __इनिट__मध्ये नाही, तर ती एकच लिस्ट आहे. खाते, बचतखाते, विद्यार्थीखाते आणि त्यांचे सगळे ऑब्जेक्ट तीच वापरतात. प्रत्येकाची वेगळी हवी तर ती __इनिट__मध्ये सेल्फवर बनवा.

तपासणी ७: वारसांच्या यादीत नातवंडं का नाहीत?

खाते.__सबक्लासेस__() फक्त थेट मुलं देतं. बचतखाते येईल, विद्यार्थीखाते येणार नाही. प्लगिनची यादी अशा रीतीने बनवणाऱ्या कोडमध्ये पहिले काही महिने सगळं ठीक चालतं, कारण तोवर सगळे प्लगिन थेट मुलंच असतात. कोणीतरी एका प्लगिनवरून दुसरा बनवला की तो यादीतून गळतो. एररही येत नाही.

प्रत्येक मुलाला पुन्हा तोच प्रश्न विचारत खाली उतरणारं एक छोटं फंक्शन लिहिलं की काम होतं. त्याहून चांगला उपाय पायथॉन ३.६ पासून आहे: आजोबांमध्ये __इनिट_सबक्लास__ लिहा. कितीही खालच्या पिढीत नवा क्लास जन्मला की ते आपोआप चालतं, तिथेच यादीत नाव टाका. मात्र मधल्या कोणी __इनिट_सबक्लास__ स्वतःचं लिहिलं असेल, तर त्यालाही सुपर()ला हाक मारावी लागेल. नाहीतर तपासणी ३ मधलाच घोटाळा इथेही होईल. आणि ज्या फाइलमध्ये तो क्लास आहे ती इम्पोर्टच झाली नसेल तर दोन्ही उपाय निरुपयोगी आहेत. चाललेली नसलेली व्याख्या पायथॉनला दिसणार नाही.

तपासणी ८: एमआरओ जुळत नाही, किंवा सुपर() भलत्याच दारात जातं

क्लास विद्यार्थीखाते(खाते, बचतखाते) असं लिहून बघा, लगेच टाइपएरर येईल. तुमचा कंस म्हणतो खाते आधी, बचतखाते नंतर. पण वारस नेहमी पूर्वजाच्या आधी यायला हवा, हा नियम आहे. दोन्ही एकाच वेळी पाळता येत नाहीत, म्हणून पायथॉन क्लास बनवायलाच नकार देतं. उपाय म्हणजे खाते कंसातून काढून टाका. ते बचतखातेमार्फत अप्रत्यक्षपणे आलेलंच आहे, पुन्हा थेट लिहायची गरज नाही. रांग ठरवण्याच्या या पद्धतीला सी-३ म्हणतात. ती १९९६ साली डिलन या भाषेसाठी मांडली गेली आणि पायथॉनने ती २.३ या आवृत्तीत, २००३ साली घेतली.

आता जास्त अवघड प्रकार. समजा, सूचनाखाते नावाचा आणखी एक क्लास खातेपासून काढला आहे आणि विद्यार्थीखाते(सूचनाखाते, बचतखाते) असं लिहिलं आहे. दोन्ही पालकांचे वडील एकच, म्हणजे पतंगासारखा चौकोन झाला. रांग होते: विद्यार्थीखाते, सूचनाखाते, बचतखाते, खाते, ऑब्जेक्ट. सूचनाखाते लिहिणाऱ्याच्या मनात सुपर() म्हणजे खाते. पण इथे सूचनाखातेमधलं सुपर() बचतखातेकडे जातं! सुपर() म्हणजे 'माझे वडील' नव्हे. सुपर() म्हणजे 'या ऑब्जेक्टच्या रांगेत माझ्यापुढे उभा असलेला'. शेजारचा क्लास व्याजदर मागतो, सूचनाखाते तो देत नाही, आणि आर्ग्युमेंट कमी पडल्याचा एरर येतो.

इथे सरळ मार्ग असा: साखळीतल्या प्रत्येक __इनिट__ने स्वतःला हवं ते नावानिशी घ्यावं आणि उरलेलं दोन ताऱ्यांच्या केडब्ल्यूआर्ग्समधून (नावानिशी आलेली बाकीची आर्ग्युमेंट) सुपर()ला पुढे द्यावं. काही जण वैतागून सगळीकडे पालकाचं नाव लिहून थेट हाक मारतात. तसं केलं तर आजोबांचं __इनिट__ दोनदा चालतं. शिल्लक शून्यावर आणणारी ओळ दोनदा चालली तर काय होईल, याचा विचार करा.

चौकोनाची खरंच गरज आहे का, हेही स्वतःला विचारा. माझा अनुभव सांगते: सूचना पाठवणं हे खात्याचं घराणं नसतं, खात्याने जवळ बाळगायचं साधन असतं. सेल्फ.सूचक असा एक ऑब्जेक्ट ठेवला की अर्ध्याहून अधिक चौकोन मोडून सरळ रेषा होतात.

तपासणी ९: एकच क्लास दोनदा लोड झाला आहे का?

सगळं बरोबर दिसतं, एमआरओमध्ये खाते आहे, तरी इझइन्स्टन्स खोटं येतं. अशा वेळी क्लासचं __मॉड्यूल__ आणि आयडी() दोन्ही ठिकाणी छापा. एकीकडे __मेन__ आणि दुसरीकडे फाइलचं नाव दिसलं तर चोर सापडला. जी फाइल थेट चालवली तीच दुसऱ्या फाइलने इम्पोर्टही केली, त्यामुळे एकाच मजकुरातून दोन क्लास तयार झाले. एकाच फोल्डरपर्यंत दोन वेगळ्या इम्पोर्ट-मार्गांनी पोहोचलं तरी हेच होतं. क्लास वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, चालवायची फाइल निराळी ठेवा, आणि इम्पोर्टचा मार्ग सगळीकडे एकच ठेवा.

इथे थांबा आणि जाणत्याला बोलवा

वरचं सगळं तुमच्या स्वतःच्या कोडसाठी आहे. पुढच्या ठिकाणी एकट्याने हात घालू नका.

मेटाक्लासची (क्लास बनवणाऱ्या क्लासची) तक्रार आली आणि त्यातला एक पालक बाहेरच्या लायब्ररीतला असेल, तर थांबा. साइट-पॅकेजेस या फोल्डरमध्ये (जिथे लायब्ररी इन्स्टॉल होतात) जाऊन लायब्ररीची फाइल बदलणं हा उपाय नाही. पुढच्या इन्स्टॉलला ती दुरुस्ती पुसली जाईल आणि कोणाला पत्ताही लागणार नाही. त्या लायब्ररीवर काम केलेल्या सहकाऱ्याला बसवा.

जँगो या वेब-फ्रेमवर्कच्या मॉडेलचा (डेटाबेसमधल्या टेबलाशी जोडलेल्या क्लासचा) पालक बदलायचा असेल तर नक्की थांबा. जँगोमध्ये साध्या मॉडेलवरून दुसरं मॉडेल काढलं की दोन टेबलं बनतात आणि त्यांना जोडणारा एकास-एक दुवा येतो. पालक अ‍ॅबस्ट्रॅक्ट असेल तर त्याचं टेबलच नसतं. म्हणजे कंसातलं एक नाव बदलणं हा डेटाबेसची रचना बदलण्याचा निर्णय आहे. लाइव्ह डेटा असेल तर डेटाबेस सांभाळणाऱ्या माणसाशिवाय आणि ताज्या बॅकअपशिवाय मायग्रेशन (डेटाबेसची रचना बदलणारी स्क्रिप्ट) चालवू नका.

पिकलने (ऑब्जेक्ट फाइलमध्ये साठवायचं पायथॉनचं साधन) साठवलेले जुने ऑब्जेक्ट असतील तर क्लासचं नाव किंवा फाइल हलवू नका. पिकल क्लास साठवत नाही, त्याचा पत्ता साठवतं. पत्ता बदलला की जुन्या फाइल उघडत नाहीत.

आणि जिथे लोकांच्या पैशाचा हिशेब आहे, वंशावळ पाच-सहा पिढ्यांची आहे आणि टेस्ट एकही नाही, तिथे तुमची दुरुस्ती कितीही बरोबर असली तरी वरिष्ठांच्या नजरेखालून गेल्याशिवाय ती पुढे पाठवू नका. आजोबा-क्लासमधली एक ओळ बदलली की खालचे सगळे बदलतात, आणि त्यातले कित्येक तुम्ही कधी उघडूनही पाहिलेले नसतात.

बोलवायला जाताना चार गोष्टी बरोबर न्या: पूर्ण ट्रेसबॅक (फक्त शेवटची ओळ नको), __एमआरओ__ची छपाई, व्हार्सची छपाई, आणि पायथॉनची आवृत्ती. शक्य असेल तर मूळ कोड कमी करत करत वीस-तीस ओळींत तोच एरर येईल असा तुकडा बनवा. माझ्याकडे येणाऱ्या मुलींना आणि मुलांना मी आधी हा तुकडा करायला सांगते. ओळी कमी करताना मधला क्लास काढला आणि एरर नाहीसा झाला, तर ते अर्ध्या वाटेतून परत जागेवर जाऊन बसतात आणि बचतखातेची फाइल उघडतात.